गुलाबरावांचा येणारा रेडिओ

आमच्या जानेफळात एक घर असं होतं, की तिथं रेडिओनं कपडे धुवायचे. माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या बायकोला, कुसुमला विचारा. ती आणि शेजारच्या सिंधूवहिनी विहिरीजवळ शेजारीशेजारी धोंड्यांवर धुणं धुवायच्या. वहिनींनी बादलीतून साबण काढला, की तो साबणासारखा दिसायचाच नाही. कोपरे गोल केलेले, समोर बारीक भोकांची जाळी, बाजूला दोन बटणं, वर पट्टा अडकवायला कान. कुसुम विचारायची, "हा कोनता व?" वहिनी म्हणायच्या, "पोळ्याले येनार होता तो." आणि धोतराच्या काठावर तो रेडिओ खसाखसा घासायच्या.

हे साबणाचे रेडिओ कोरणारे गृहस्थ म्हणजे वहिनींचे मालक, गुलाबराव. माझं आणि त्यांचं घर एका भिंतीचं. ते मेहकरच्या मोटारस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसत. सकाळच्या पहिल्या मोटारीनं जात आणि दिवेलागणीच्या मोटारीनं परत येत. अंगानं काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, आणि सदऱ्याच्या खिशाला पेनाच्या जागी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. या पेचकसाचं मला फार नवल वाटायचं, कारण त्यांच्या घरात पेचकस लावावा अशी एकही वस्तू नव्हती. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "येईन न. येईन तवा लागन."

मी गिरणीवाला. दिवसभर इंजिनाशेजारी उभं राहून मला मोठ्यानं बोलायची सवय, आणि थांबायची अजिबात नाही. दळण आलं, टाकलं, पीठ घेऊन जा. अशा माणसाच्या शेजारी देवानं गुलाबरावांना आणून बसवलं. काहीही विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं. "थांबा जरा. नवीन येऊन राह्यलं."

नवीन म्हणजे ट्रान्झिस्टर. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्याच्या पुढच्या काही वर्षांतली ही गोष्ट. त्याआधी गावात रेडिओ म्हणजे ग्रामपंचायतीचा. लाकडी, देव्हाऱ्याएवढा, कुलपात. मग एका दिवशी कोणाचा तरी जावई खांद्याला रेडिओ अडकवून भर बाजारातून चालत गेला. तो चालतोय आणि खांद्यावर गाणं चाललंय. वायर नाही, खांब नाही, काही नाही. रस्त्यातले बैल बुजले. त्या दिवशी गुलाबरावांच्या डोक्यात जे शिरलं ते मग निघालंच नाही.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आपणही एक घ्यावा. गुलाबराव म्हणाले, "हे पह्यलं हाये. पह्यलं कधी घेऊ नाही. पह्यल्यात चुका राह्यतेत." पुढचं मॉडेल आलं तेव्हा म्हणाले, "चुका काढल्या, पन वजन वाढवलं. आता वजन कमी करतीन." वजन कमी झालेलं आलं तेव्हा म्हणाले, "हे घाईत काढेल दिसते." असं करत करत बाजारात मॉडेलांवर मॉडेलं आली आणि गेली. गुलाबराव मात्र पुढच्यावर नजर ठेवून बसलेले.

नुसती नजर म्हणू नका, त्यांचं पूर्ण खातं होतं हेरगिरीचं. तिकिटाच्या खिडकीपाशी ट्रान्झिस्टरवाला प्रवासी आला रे आला, की रांग थांबली म्हणून समजा. "अकोला एक," तो म्हणायचा. गुलाबराव म्हणायचे, "देतो न. आधी सांगा, सेल किती लागतेत? उन्हात ठिवल्यावर आवाज फाटते का?" मागची माणसं बोंबा मारायची, ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, आणि गुलाबराव खिडकीतून हात बाहेर काढून त्या रेडिओच्या पाठीवरून बोट फिरवायचे. "शिवन बाहेरून हाये," ते स्वतःशीच पुटपुटायचे. "पुढच्याले आतून येईन."

अनुमानं काढण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. अकोल्याच्या दुकानदारानं भाव उतरवला, की गुलाबराव म्हणायचे, "जुना माल काढून राह्यला. नवीन येऊन राह्यलं." भाव नाही उतरवला तर म्हणायचे, "जुना मालच नाही त्याच्यापाशी. कायचा भाव उतरवन? नवीन येऊन राह्यलं." आणि महिना कोणता हे त्यांना कापसावरून कळायचं. "कापूस विकल्याबिगर आपल्या लोकाच्या हातात काही येत नाही. हे कंपनीले समजत नाही का? कंपनीवाले काई येडे नाहीत. वेचनी झाली का काढतीन."

त्यांच्या घरात एका रेडिओ कंपनीचं कॅलेंडर होतं, मागच्या कुठल्या सालचं. त्यावर एक बाई ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन हसत बसलेली. आम्हाला बाई दिसायची. गुलाबरावांना बाईचा डावा हात दिसायचा. "हा हात त्या कोपऱ्यावर काऊन ठिवला?" त्यांनी मला एकदा दबक्या आवाजात विचारलं. मी म्हणालो, "कुठीतरी ठिवनच न हात ते." गुलाबराव माझ्याकडे अशा दयेनं पाहायला लागले की मला माझीच लाज वाटली. म्हणाले, "मुद्दाम ठिवला देवभाऊ. त्या कोपऱ्यात काहीतरी नवीन हाये, अन् ते आतापासून दाखवाचं नाही त्याहिले."

संध्याकाळी मोटारीतून उतरून गुलाबराव घरी आले, की त्यांच्या ओट्यावर सभा भरायची. मी इंजिन बंद करून यायचो, शेषराव वावरातून यायचा, आणखी आळीतले यायचे. वहिनी आतून चहा पाठवायच्या. मग गुलाबराव वहिनींच्या कोनाड्यातून धुण्याच्या साबणाची नवी वडी काढायचे आणि चाकूनं कोरायला बसायचे. "एरियलची दांडी आता बाहेर राह्यनार नाही," एक कोपरा उडाला. "बटनं वरतं जातीन," दुसरा कोपरा उडाला. तयार झालेलं मॉडेल मग हातोहात फिरायचं. लोक ते कानाला लावून बघायचे. शेषराव वास घ्यायचा. वाद व्हायचे, हसणं व्हायचं, जेवायची हाक येईपर्यंत कोणी उठायचं नाही. मी स्वतः रोज म्हणायचो की उद्यापासून या माणसाकडे जायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन बंद झालं की पाय तिकडेच वळायचे.

शेषरावाची गंमत तर सगळ्या जानेफळाला माहीत आहे. त्या साली त्याचं पीक बरं आलं. बायकोला सांगून तो अकोल्याला रेडिओ आणायला निघाला. मेहकरला मोटार बदलायची होती. खिडकीपाशी गेला, म्हणाला, "अकोला एक द्या." आतून गुलाबराव म्हणाले, "कायले?" शेषराव भोळा माणूस, म्हणाला, "रेडिओ घ्याले." गुलाबरावांनी तिकीट फाडलं, त्याच्या हातात दिलं. शेषरावानं मोटारीत बसून पाहिलं तर तिकीट जानेफळचं. आणि मोटारही जानेफळचीच, कारण गुलाबरावांनी हातानं तीच दाखवली होती. बिचारा दुपारी घरी परत. पुढच्या बाजारी त्यानं त्याच पैशाची बकरी घेतली. शेषराव म्हणायचा, "बरं झालं बाप्पा, बकरी तरी त्याच दिवशी आवाज करू लागली."

आम्ही हसायचो. पण एक माणूस हसत नव्हतं.

सिंधूवहिनींना रेडिओ पाहिजे होता. अगदी मनापासून पाहिजे होता, आणि त्या ते स्वच्छ सांगायच्या. घरात दोघंच. मूलबाळ झालं नाही. गुलाबराव सकाळी गेले की दिवे लागेपर्यंत त्या घरात बोलायला कोणी नाही. दोन माणसांचं घर, काम ते किती? वहिनी गिरणीत दळण घेऊन यायच्या, ते शेरभर ज्वारीचं. पीठ झालं तरी जायच्या नाहीत. कोपऱ्यात पोत्यावर बसून राहायच्या. मी एकदा ओरडलो, म्हणजे मी नेहमीच ओरडतो, "वयनी, पीठ झालं. या गोंगाटात काऊन बसल्या?" त्या म्हणाल्या, "घरी तर तेबी नाही न भाऊ."

मग जवळ येऊन म्हणाल्या, "देवभाऊ, तुमी सांगा न त्याहिले. त्याहिच्याजोळ मॉडेलाच्या गोष्टी लय हायेत. त्या गोष्टी ओट्यावर होतेत, आत येतवर संपून जातेत. मले मॉडेल नाही पाह्यजे. जुनं असो, भारी असो, दांडीचं असो. बोलनारा डबा पाह्यजे."

माझं डोकं तापलं. त्याच संध्याकाळी सभेत सगळ्यांसमोर विचारलं, "गुलाबराव, वयनीसाठी रेडिओ घेता का नाही घेत, एक सांगा."

"थांबा जरा," गुलाबराव साबणावरची धूळ फुंकत म्हणाले. "नवीन..."

"येऊन राह्यलं," सगळा ओटा म्हणाला.

मी उठलो. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवली, कापसाच्या ट्रकवर बसून थेट खामगाव गाठलं, म्हणजे गुलाबरावांची खिडकी मध्ये यायलाच नको, आणि ट्रान्झिस्टर घेऊन आलो. मला वाटलं, शेजाऱ्याच्या घरात वाजायला लागला की यांनाही चेव येईल. इंजिन चालू असताना मला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं ही गोष्ट वेगळी.

गुलाबराव बघायला आले. चपला बाहेर काढल्या, टोपी सरळ केली, आणि एखाद्या घरी दुःखाला भेटायला जावं तसे खाली मान घालून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "घेतला?"

"हाव."

"आता घेतलाच हाये तर वापरा." मग थोडं थांबून, अगदी हळू, "खोळ कातड्याची हाये का रेक्झिनची?"

"रेक्झिनची."

गुलाबरावांनी डोळे मिटले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "चालन. चालते तसंबी."

झालं काय, की माझ्या ओट्यावर रेडिओ वाजायला लागला आणि सभा इकडं सरकली. कोणी ठरवून केलं नाही. आधी शेषराव आला, बातम्या ऐकून जातो म्हणाला. मग दुसरे आले. दुपारी वहिनी यायच्या, कुसुमजवळ बसायच्या, बातम्या, गाणी, बाजारभाव, जे लागेल ते ऐकायच्या. मला बरं वाटत होतं. म्हटलं, जिंकलो आपण.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की दिवेलागणीच्या मोटारीतून उतरून गुलाबराव एकटेच ओट्यावर बसलेले असतात. पुढ्यात साबण, हातात चाकू. चाकू चालत नव्हता. कोणासाठी कोरायचं? मला ते बघवेना. माझा रेडिओ सभेला सोपवून मी त्यांच्याकडे गेलो.

"मेहकरहून काय खबर?" मी उगाच विचारलं.

"काई नाही."

"गुलाबराव, एक विचारू? सगळ्या दुनियेचं मॉडेल तुमाले पाठ. मंग घेत काऊन नाही? खरं सांगा. पैशाचं हाये का?"

"पैशाचं नाही." त्यांनी चाकू खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमाले आमची भुलाबाई माहीत हाये न?"

माहीत नसायला काय झालं? भाद्रपद सरत आला की आमच्याकडे घरोघर पोरी मातीची भुलाबाई मांडतात, वर ज्वारीच्या धांड्यांचं मखर. महिनाभर संध्याकाळी एकमेकींच्या घरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, आणि शेवटी खाऊचा डबा. डबा झाकलेला. ज्या घरचा खाऊ, ते डबा हलवून दाखवणार, आणि पोरी आत काय आहे ते ओळखणार, आमच्या बोलीत वयखणार. ओळखला की डबा उघडायचा, खायचं आणि पुढच्या घरी पळायचं. सिंधूवहिनींना पोरगी नव्हती, पण त्या दरसाल भुलाबाई मांडायच्या, आणि आळीतल्या सगळ्या पोरी त्यांच्याकडे यायच्या. माझी बेबीसुद्धा. त्या घरचा खाऊ फार अवघड म्हणून प्रसिद्ध होता. एका साली भाजलेले चिंचोके निघाले होते. पोरी रडकुंडीला आल्या होत्या. खाऊ काय करायचा ते गुलाबराव ठरवायचे.

"माह्या लहानपनी," गुलाबराव सांगायला लागले, "आमच्या घरी कोनी येत नव्हतं. बाप गेला होता, माय सदा बिमार. लोकाले बिमार घरात याले नको वाटे. फकस्त भुलाबाईत येत, माह्या बहिनीच्या संगातल्या पोरी. डबा मी धरो. मी हलवो, त्या वयखत. लाडू का? नाही. शेंगदाने का? नाही. जवर वयखू येत नव्हतं तवर घर भरेल राहे. माय अंथरुनातून हासे. अन् कोनी वयखला का झालं. डबा उघडे, खात, अन् पयत. मागं मी, माय अन् रिकामा डबा."

त्यांनी साबण उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"मंग मी मायले म्हनो, असा खाऊ कर का कोनाले वयखूच येऊ नाही." ते माझ्या ओट्याकडे पाहायला लागले. तिथं रेडिओवर कोणीतरी शेतकीवर भाषण देत होता आणि शेषरावासकट सगळे मान खाली घालून बसले होते. "डबा उघडला का सगळे घरी जातेत, देवभाऊ. तुमी उघडला. पाहा न, आता तिथं बोलते कोन?"

खरंच माझ्या ओट्यावर कितीतरी दिवसांत वाद झाला नव्हता. कोणी कोणाला येडा म्हटलं नव्हतं. मला एकदम फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि थोडं आमच्यासाठीही.

उठताना गुलाबरावांनी विचारलं, "ते तुमच्या घरी येते दुपारी. काय आयकते?"

"वयनी? काईबी आयकतेत. सरकीचे भाव आयकतेत." मी आता लपवलं नाही. "त्याहिले गान्याचं काई नाही, गुलाबराव. घरात कोनी बोललं पाह्यजे, एवढंच पाह्यजे. दिवसभर एकल्या राह्यतेत. गिरनीत येऊन बसतेत माह्या, इंजनाचा आवाज आयकाले."

"गिरनीत?" गुलाबराव म्हणाले. हे त्यांना माहीत नव्हतं. साऱ्या वऱ्हाडातल्या रेडिओंची खबर ठेवणाऱ्या माणसाला ही घरातली खबर नव्हती. मी घरी आलो.

आल्यावर मी कुसुमला सगळं सांगितलं, आणि कुसुमला सांगितलं म्हणजे ते दुसऱ्या दिवशी धुण्याच्या धोंड्यावर पोचलंच. कुसुम म्हणाली, वहिनींनी ऐकलं, हातातला रेडिओ घासायचा थांबवला आणि बाजूला ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी रेडिओचं नाव काढलं नाही. दुपारी आमच्याकडे यायच्याही बंद झाल्या.

त्या साली भुलाबाईच्या शेवटच्या संध्याकाळी आळीतल्या पोरी गुलाबरावांच्या घरी जमल्या. गाणी झाली. मी बेबीला आणायच्या निमित्तानं दारात उभा होतो. गुलाबराव आतून डबा घेऊन आले. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, वर धोतराचं फडकं घट्ट बांधलेलं. दोन्ही हातांत असा धरला होता, जसा काही दुधाचा भरलेला तांब्या.

"हलवा," पोरी म्हणाल्या.

"हा हलवाचा नाही."

पोरी खवळल्या. हलवल्याबिगर ओळखायचं कसं? असा कुठं नियम असते का? वहिनीही म्हणाल्या, "हलवा न थोडा." त्यांनाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. गुलाबराव ऐकेनात. शेवटी पोरींनी तोंडानंच सुरुवात केली.

"गोड हाये?"

"नाही."

"तिखट?"

"तिखटबी नाही."

"खारट? आंबट?"

"नाही बा."

"गरम हाये का थंडा?"

गुलाबराव विचारात पडले. खोटं बोलायचं नव्हतं त्यांना. म्हणाले, "आता थंडा हाये. लय वेळ चालला का जरा गरम होत असंन."

"चहा," माझी बेबी म्हणाली.

सगळ्या पोरी हसल्या, वहिनी हसल्या, गुलाबरावसुद्धा हसले. मग लाडूपासून कुरडईपर्यंत सगळं सांगून झालं. गुलाबराव प्रत्येकीला नाही म्हणत होते, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा बारीक होत होता. शेवटी पोरी म्हणाल्या, "हारलो. उघडा."

गुलाबराव उघडेनात. डबा मांडीवर घेऊन बसले. मग त्यांनी डबा वहिनींच्या पुढे सरकवला. "तू उघड."

वहिनींनी गाठ सोडली. झाकण काढलं. आत ट्रान्झिस्टर होता. कातड्याची खोळ, दांडी बाहेर.

वहिनींनी तोंडावर पदर धरला. मग बेबीनं डब्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "पन खाऊ कुठी हाये?"

गुलाबरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खाऊ करायचं राहूनच गेलं होतं. वहिनी म्हणत होत्या, खाऊ तुम्ही आणणार म्हणाला होतात. आणि ते आणणार म्हणाले होते ते हेच. भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी प्रसाद नाही, असं आमच्या गावात आजवर झालं नव्हतं. वहिनी लगबगीनं आत गेल्या, गूळ आणि फुटाणे घेऊन आल्या, पोरींच्या ओंजळी भरल्या. पोरींनी थोडा वेळ रेडिओच्या खोळीला हात लावून पाहिला, फुटाणे खाल्ले, आणि पुढच्या घरी पळाल्या. बेबीही त्यांच्याबरोबर गेली. गुलाबराव दाराकडे पाहत राहिले. घर रिकामं झालं.

मीही निघायला पाहिजे होतं. पाय निघेना.

"जुनंच हाये," गुलाबराव वहिनींना सांगत होते, जणू माफी मागत होते. "अकोल्याचा दुकानदार म्हने, नवीन याले अजून टाइम हाये. मी म्हनलं, असू दे. दांडीचंच दे." मग म्हणाले, "गिरनीत नोको जाऊ बसाले."

वहिनींनी बटण फिरवलं. खरखर झाली, आणि कोणीतरी माणूस ज्वारीचे भाव सांगायला लागला. वहिनी रेडिओ मांडीवर घेऊन ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. ज्वारीचे संपले, तुरीचे झाले. मग त्यांनी बटण उलटं फिरवलं. रेडिओ बंद.

गुलाबराव घाबरले. "काऊन बंद केला? आवाज फाटते का?"

"आवाज मस्त हाये," वहिनी म्हणाल्या. "तुमी नसान तवा लावीन. दिवसभर लावीन."

त्या उठल्या. कोनाड्यातून साबणाची नवी वडी काढली, चाकू काढला, आणि दोन्ही गुलाबरावांच्या पुढ्यात आणून ठेवलं. मग त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या. आजवर त्या चहा पाठवायच्या, बसल्या कधी नव्हत्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "याच्यानंतरचं कसं निंगन?"

गुलाबराव त्यांच्याकडे पाहत राहिले. हात साबणाकडे जात नव्हता. "तुले खरंच आयकाचं हाये?"

"हाव. वयखू नोका देऊ लवकर."

मी तिथून हललो. घरी आमच्या ओट्यावर सभा बसली होती, सगळे गप्प, रेडिओ चालू. मी आत जाताजाता तो बंद केला. शेषराव म्हणाला, "काऊन बे देवा, बातम्या लागून राह्यल्या न आता." कुसुमही बाहेर आली, काय झालं विचारायला.

"थांबा जरा," मी म्हणालो.

भिंतीपलीकडून गुलाबरावांचा आवाज येत होता. ते दांडी आत कशी जाईल ते सांगत होते, आणि मध्ये मध्ये वहिनी म्हणत होत्या, "मंग?"